गोळी घेतली

दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणत. चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत बसून ती भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिच्या हातून गेलेलं भिंग सैल निघालं असं कधी झालं नव्हतं. हातात असं काम असलेल्या बाईला पन्नाशीच्या तोंडावर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकायचं खूळ का सुचावं, हे मालकांना काही कळेना. ते विचारायचे आणि ती हसून सांगायची, की डोकं चालतं राहावं म्हणून. हसणं सोडलं तर उत्तर खरं होतं.

तिच्या वडिलांचं डोकं थांबत चाललं होतं. सकाळी नाश्ता करून तासाभरात ते विचारत, आज नाश्ता नाही का? वार विचारत, मग पुन्हा तोच वार. त्यांच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, आणि भिंगताईला पुढचा हिशेब करायला कॉम्प्युटर लागत नव्हता. किल्ली कुठे ठेवली ते आठवलं नाही की इतर बायका स्वतःवर चिडतात. हिच्या पायाखालची जमीन सरकायची. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं तिचं चाललेलं असे, आणि ही गोष्ट तिने एकाही जिवंत माणसाला सांगितलेली नव्हती. वडिलांच्या डॉक्टरांनी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, की माणसाने नवीन काहीतरी शिकत राहावं, मेंदूला बरं असतं. ते बोलले आणि विसरले. हिने त्याच आठवड्यात वाचनालयातल्या वर्गात नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पुस्तकी व्याख्यानांचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्या म्हणायच्या, छोटं काहीतरी बनवायला घ्या, त्यात जिथे अडेल तिथे शिकवते. म्हणून भिंगताईने पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या मनातला आकडा ओळखायचा खेळ बनवला आणि त्यात व्हेरिएबल शिकली. म्हणजे नाव लिहिलेली एक डबी, जिच्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. मग चौकातल्या सिग्नलसारखे तीन दिवे आळीपाळीने लावले आणि त्यात लूप शिकली, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं. एकेक प्रोजेक्ट चालायला लागला, की तिला वाटायचं, चला, अजून आपण शाबूत आहोत.

त्या वर्गाची एक रीत होती, तिला मोडणी म्हणत. प्रोजेक्ट पुरा झाला की तो शेजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्याने तो मोडून दाखवायचा. मोडण्यात वर्गातल्या टॅक्सीवाल्या काकांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आकडा विचारला तर हा गृहस्थ स्वतःचं नाव टाइप करणार, एकदा दाबायचं बटण सतरांदा दाबणार, आणि सगळं ठीक चाललंय असं दिसलं की हळूच प्लग काढून निरागस चेहऱ्याने बसणार. भिंगताईला त्यांचा राग यायचा. मास्तरीणबाई मात्र सांगायच्या, इथे मोडतं तेच बरं, घरी मोडलं तर महागात पडतं.

तिचा सगळ्यात मोठा प्रोजेक्ट बाबांच्या गोळीसाठी होता. बाबांना हृदयाची एक गोळी रोज सकाळी घ्यावी लागे. ती ठोके आवरून धरायची. एकापेक्षा जास्त गेल्या तर ठोके इतके मंदावतील की मग काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी बोट वर करून बजावलं होतं. आजवर खालच्या मजल्यावरची नर्सताई रात्रपाळीवरून परत आली की वर यायची, बाबांना एक गोळी द्यायची आणि बाटली सोबत घेऊन जायची. बाबांना ते मुळीच रुचत नव्हतं. त्यांनी जन्मभर बंदरात क्रेन चालवली होती, घराएवढी खोकी अलगद उचलून ठेवली होती, आणि आता कुणीतरी येऊन त्यांच्या तळहातावर गोळी ठेवत होतं. मी काय पाळण्यातलं पोर आहे, असं ते म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायचे.

तेव्हा भिंगताईने यंत्र केलं. प्लास्टिकच्या डब्यात तळहाताएवढं कॉम्प्युटरचं कार्ड, छोटा स्पीकर आणि वर एक मोठं लाल बटण. नऊ वाजले की डबा तिच्याच आवाजात म्हणायचा, "बाबा, गोळीची वेळ झाली. बाटलीतली एक गोळी घ्या आणि बटण दाबा." दाबेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने तेच. बटण दाबलं की आतल्या 'घेतली' नावाच्या डबीत 'हो' पडायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत डबा गप्प, आणि तिच्या फोनवर मेसेज: गोळी घेतली.

काकांची वाट बघायला हवी होती. ते लेकीकडे गेले होते, आल्यावर मोडणी होणार होती. पण उतावळ्या माणसाला थांब म्हणणारा भेटला तरी तो थांबतो थोडाच? तिने डबा घरी नेऊन लावला, नर्सताईला मोठ्या ऐटीत सांगितलं की आता तुला जिने चढायला नकोत, आणि बाटली बाबांच्या हवाली केली. काही दिवस सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. कामावर बसल्या बसल्या मेसेज यायचा आणि तिला हलकं वाटायचं.

त्या सकाळीही मेसेज वेळेवर आला. त्यानंतर बऱ्याच वेळाने ती एका गिऱ्हाइकाचं जाड भिंग मशीनवर लावून बसली होती. पाण्याचा फवारा भिंगावर पडत होता, चाक घरघरत होतं आणि भिंगाची कड निम्मी घासून होत आली होती, तेवढ्यात दिवे मिचकले आणि सगळं थंड पडलं. बाहेर रस्ता खोदायचं काम चालू होतं, तिथल्या कुणीतरी कुठली तरी केबल दुखावली असणार. मालकांनी पुढच्या दुकानातूनच खोदणाऱ्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. दिवे परत आले. मशीन उठलं आणि पडद्यावर विचारू लागलं, कोणतं भिंग लावताय? अर्धं घासलेलं भिंग त्याच्या तोंडात होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. नव्याने सुरू केलं असतं तर घासलेलंच पुन्हा घासून त्याने भिंगाची वाट लावली असती. जळलं मेलं मशीन, असं म्हणत ती भिंग काढायला वाकली.

फोन थरथरला. गोळी घेतली.

एकच मेसेज दोनदा आला असेल, नेटवर्कचं काय सांगावं, असं तिला आधी वाटलं. दिवे पुन्हा गेले, पुन्हा आले. फोन पुन्हा थरथरला. गोळी घेतली.

तिचे ओले हात तसेच मशीनवर राहिले. समोरच्या पडद्यावर तोच प्रश्न होता, कोणतं भिंग लावताय, आणि त्याच्याकडे बघता बघता तिला सगळं कळलं. मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, की कॉम्प्युटरची आठवण दोन तऱ्हेची असते. एक काचेवरच्या वाफेवर बोटाने लिहावं तशी, वीज आहे तोवरच. दुसरी कोरून ठेवल्यासारखी. जपायचं ते दुसरीत ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं आणि हिने मान डोलावली होती. 'घेतली' ही डबी तिने वाफेवरच लिहिली होती, आणि घराची वीजही याच लाइनवरची. वीज गेली की ती पुसली जाणार, वीज आली की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होणार, आणि त्या पहिल्या ओळीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'घेतली' बरोबर 'नाही'. डबा उठणार, घड्याळ बघणार, नऊ कधीच वाजून गेले आणि गोळी घेतलेली नाही असं ठरवणार, आणि तिच्याच आवाजात बाबांना सांगणार, एक गोळी घ्या.

आणि बाबा घेणार. त्यांना नाश्ता केल्याचं आठवत नाही, गोळी घेतल्याचं कुठून आठवणार? शिवाय जन्मभराची सवय: खालून इशारा आला की उचलायचं, वरून वाद घालायचा नाही. आपण आपल्या आवाजाने बापाला विष पाजतोय, एवढं एकच तिला दिसत होतं.

तिने बाबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे खणात असणार. नर्सताईचा फोन बंद, कारण रात्रपाळी करून ती झोपलेली. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईने शांतपणे विचारलं, किती गोळ्या घेतल्या? भिंगताई म्हणाली, बटण तीनदा दाबलंय, गोळ्या किती ते माहीत नाही. बाटलीत किती होत्या? तेही माहीत नव्हतं. लक्ष ठेवायचं काम डब्यावर सोडलं होतं, तिने मोजल्याच नव्हत्या. आत कुणाला तरी विचारून त्या बाईने सांगितलं, की आधी त्यांच्याजवळ पोचा, नाडी बघा, झोपू देऊ नका, चक्कर येत असेल तर रुग्णवाहिका बोलवा, नाहीतर घेऊन या. हे बोलणं चालू असतानाच फोन कानाला थरथरला. तो मेसेज काय असेल ते तिने बघितलंही नाही.

मालकांना तिने काय सांगितलं हे तिला नंतर आठवेना. बस दुसऱ्याच चौकात अडकली. सिग्नल बंद पडले होते, चारही बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर येऊन थांबल्या होत्या आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून सगळ्यांना वाहन चालवायला शिकवत होता. ती उतरली आणि चालू लागली, मग धावू लागली. पायात कामावरच्या रबरी चपला, अंगावर ओला एप्रन. लोक वळून बघत होते. फोन मुठीत होता आणि अधूनमधून थरथरत होता. मग एका वळणानंतर तो थरथरायचाच थांबला. आधी मेसेज येत होते म्हणून जीव जात होता, आता येत नव्हते म्हणून जायला लागला. वीज गेली असेल. किंवा वीज असेल, डबा बोलत असेल, आणि बटण दाबायला कुणी नसेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्यापाठी सबंध रस्ताभर तोच होता. तिला बाबा खुर्चीतून खाली घसरलेले दिसत होते, आणि वरून तिचाच आवाज गोड शब्दांत सांगत होता, एक गोळी घ्या.

काका असते तर त्यांनी पहिल्याच मिनिटाला प्लग काढला असता. हे आठवून तिला धावता धावता रडू आलं.

इमारतीत दिवे नव्हते, लिफ्ट बंद. तिने आधी नर्सताईचं दार बडवलं. नर्सताई झोपेतल्या केसांनीच बाहेर आली. दोन वाक्यांत तिला समजलं, आणि बाटली मी उगाच नेत होते का, एवढंच ती बोलली. मग ती आत जाऊन रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली आणि भिंगताईच्या पुढे जिना चढू लागली. दारात भिंगताईला किल्ली कुलपात घालता येईना. नर्सताईने तिच्या हातातून किल्ली घेऊन दार उघडलं.

बाबा खुर्चीत होते. बसलेले होते, डोळे उघडे होते. टेबलावर डबा, शेजारी बाटली, तिचं झाकण काढलेलं. बाबांचा हात डब्यावर, बटणाजवळ होता. चेहरा उतरलेला आणि डोळे लाल. तिला बघताच ते उठायला लागले, पण नर्सताईने त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि मनगट हातात घेतलं.

भिंगताईने बाटली टेबलावर उपडी केली. पांढऱ्या गोळ्यांचा ढीग झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मुळात किती होत्या हे माहीत नसलेल्या माणसाला उरलेल्या मोजून काय कळणार? घरात तीन जागी ही संख्या असू शकत होती: तिच्या डोक्यात, डब्यात आणि बाबांच्या आठवणीत. तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

नर्सताई घड्याळाकडे बघत होती. मग तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा एकदा फुगवला. भिंगताई टेबलाची कड धरून उभी होती. नर्सताई म्हणाली, "ठोके चांगले आहेत. दाबही ठीक. एवढ्या गोळ्या पोटात असत्या तर आतापर्यंत दिसलं असतं. तरी डॉक्टरांकडे नेऊ या."

भिंगताईने विचारलं, "बाबा, किती गोळ्या घेतल्या?"

"एकच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? एकच."

"बाबा, आठवतंय तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? घटकेघटकेला विचारत होतीस. विसरायला सवड तरी दिलीस का?"

ती जमिनीवरच बसली. मग बटण का दाबत होता, असं तिने विचारलं. बाबांनी नर्सताईकडे बघितलं. परक्या माणसासमोर बोलावं की नाही असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"दाबलं की तू गप्प होतेस," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढंच तुझ्या जिवाला बरं. पहिल्यांदा सांगितलं, घेतली गं. मग परत विचारलंस. परत सांगितलं. चिडलो नाही मी. तू माझ्यावर कधी चिडतेस?"

नर्सताई पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली.

बाबा पुढे झुकले आणि त्यांनी भिंगताईचं मनगट धरून नर्सताईच्या दिशेने पुढे केलं. "माझी राहू दे. हिची बघ. सकाळपासून तेच तेच विचारतेय." मग तिच्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुलाही हे विसरणं लागलं का गं, बाळ?"

हा प्रश्न तिने स्वतःला इतक्यांदा विचारला होता, की तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर चोरी पकडल्यासारखं झालं. मग ती घाईघाईने सांगू लागली. ती नव्हती, डबा होता. वीज गेली की डब्याची आठवण पुसते, तो पहिल्यापासून सुरू होतो. चूक तिची होती, डबी चुकीच्या जागी ठेवली होती, ती दुरुस्त करता येते, एका ओळीचं काम आहे. बाबा ऐकत होते. लहान मूल खरचटलेला गुडघा लपवून पडलोच नाही असं सांगतं, तेव्हा मोठी माणसं ऐकतात तसे ऐकत होते.

"मीही असंच काहीतरी सांगायचो," ते म्हणाले. "डॉक्टरांना सांगायचो, झोप झाली नाही. तुला सांगायचो, लक्ष नव्हतं. आईचं बघितलेलं होतं, त्यामुळे मला कळत होतं. तरी लपवलं. तू लपवू नकोस. माझ्यासारखा उशीर करू नकोस."

"बाबा, मला काही झालेलं नाही."

"बरं."

"खरंच नाही झालेलं."

"नाही तर नाही. पण भीती वाटते ना?"

'नाही' हा शब्द तिने किती वर्षं तयार ठेवला होता. मालकांसाठी, मास्तरीणबाईंसाठी, आरशासाठी. तो आत्ता तोंडात आलाच नाही. तिने बाबांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "वाटते."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिवे आले. डबा जागा झाला, खरखरला, आणि भिंगताईच्या प्रेमळ आवाजात सांगू लागला, की बाबा, गोळीची वेळ झाली. भिंगताईने हात लांब करून त्याचा प्लग ओढला. बाबांचं त्या आवाजाकडे लक्षही गेलं नाही. ते तिच्याच केसांवरून हात फिरवत होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "तू विसरलीस तर मी सांगत जाईन."

नर्सताई पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"बरं," भिंगताई म्हणाली. डॉक्टरांकडे जायचं होतं. तिने बाबांच्या चपला ओढून घेतल्या आणि एकेक करून त्यांच्या पायांत घातल्या.